डाव्या चाकाचं दुखणं

पाण्यात बुडणारी होडी बघून लोक हळहळतात. टायर फुटून रस्त्याच्या कडेला कलंडलेली होडी बघून मात्र हसतात. गणपती उरकून पेणहून रोह्याला परतताना कासूच्या अलीकडे माझी होडी अशी उभी राहिली, तेव्हा जाणारा प्रत्येक टेम्पोवाला काच खाली करून विचारत होता, "काय ताई, पाणी नाय लागलं का?" पहिल्या दोघांना मी हसून उत्तर दिलं. तिसऱ्याला जे दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

माझं माहेर पेणच्या खाडीकाठचं, मिठागराचं. सासर रोह्याकडचं, भाताचं आणि वालाचं. या दोन घरांमध्ये माझी होडी येते-जाते, आणि ती पाण्यातून नाही तर रस्त्यावरून, दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसून. पुढे आमची जुनी पिकअप, ती मी चालवते. शेजारी नवरा दोन्ही हात डॅशबोर्डवर ठेवून बसतो. तो कंपनीत शिफ्टला जाणारा माणूस, त्याला पाण्याची भीती वाटते आणि माझ्या गाडी चालवण्याचीही. पाऊस संपला की मी नदीवर शनिवार-रविवारी पाहुण्यांना होडीतून फिरवते, पक्षी दाखवते. गौरी-गणपतीला होडी माहेरी न्यायची, कारण आमच्या आळीतल्या घरगुती गणपतींचं विसर्जन याच होडीतून खाडीच्या मध्यावर होतं. बाबा होते तेव्हापासून ही रीत आहे.

होडी बाबांची. जाण्याआधी त्यांनी ती मला दिली. दादाला शेत दिलं, घर दिलं, आणि होडीचं विचारल्यावर म्हणाले, "जी चालवते तिची." लेकीला होडी दिल्याची चर्चा आमच्याकडे बरेच दिवस चालली. दादा तोंडाने काही बोलला नाही. पण होडी रोह्याला निघाली की तो बांधावर पाठ करून उभा राहायचा, हे मी दरवर्षी आरशात बघत होते.

त्या दिवशी कासूला तोच आला, पेणहून टेम्पो घेऊन. ट्रॉलीचं डावं चाक बसलं होतं. टायर बाहेरून नवाकोरा दिसत होता, आणि आतल्या कडेला तारा बाहेर आल्या होत्या. ट्रॉलीने डाव्या बाजूचा टायर खाण्याची ही पहिली वेळ नव्हती. याआधी दोन बदलून झाले होते.

दादाने वाकून बघितलं, हात पुसले आणि जमलेल्या लोकांसमोर म्हणाला, "होडीला जायचंच नाय तिकडं. खाऱ्या पाण्याची हाय ती. गोड्या पाण्यात तिचा जीव रमत नाय."

"होडीला जीव कुठून आला? टायरला तार आली हाय, ती बघ," मी म्हणाले.

"मंग दर खेपेला डावाच का जातो? उजव्याला काय होत नाय ते?"

प्रश्न बरोबर होता, म्हणूनच मला जास्त राग आला. मी काहीतरी बोलले, तो काहीतरी बोलला, नवरा दोघांच्या मध्ये येऊन "जाऊ दे, जाऊ दे" करत राहिला. शेवटी दादाने निकाल दिला. पुढच्या गणपतीला होडी आपल्या चाकांवर, टायर न फुटता खाडीपर्यंत आली, तर खुशाल परत ने. वाटेत बसली तर ती माहेरीच राहणार, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही.

"कबूल," मी म्हणाले. लोकांसमोर दुसरं काय म्हणणार होते? मग दादाने स्टेपनी चढवली. जड होडी जॅकवर उचलेना, म्हणून आधी आतली पोती खाली उतरवली, आणि स्टेपनी बसल्यावर त्यानेच ती एकेक करून पुन्हा आत भरली. मिठाची पोती, पोहे, पापड, सुकट. भांडण कितीही होवो, आमच्या घरातून बहीण रिकाम्या हाताने जात नाही.

घरी पोचल्यावर मी पहिल्यांदा त्या ट्रॉलीकडे नीट बघायला बसले. इतकी वर्षं मी तिच्यावरच्या होडीकडेच बघत होते. ट्रॉली म्हणजे काय, दोन चाकं, मध्ये एक ॲक्सल, दोन बाजूंना कमानीचे पाटे आणि पुढे हूक. एवढ्याशा सामानात दुखणं लपून राहतं कुठे, असं मला वाटलं. ते दिवाळी होऊन शिमगा येईपर्यंत लपून राहिलं.

आमच्या नाक्यावरचा गॅरेजवाला म्हणाला, टायरची कंपनी बदला. कंपनी बदलली. नदीपर्यंतच्या शनिवारच्या खेपांमध्येच नव्या टायरची आतली कड गुळगुळीत व्हायला लागली. मग कोणी म्हणालं हवा कमी असेल. हवा कमी असली तर दोन्ही कडा घासतात आणि मधला भाग शाबूत राहतो. जास्त असली तर मधलाच जातो. माझी तर एकच कड जात होती, तीही आतली. तरी मी हवा भरण्याचं मीटर विकत आणलं आणि दर शनिवारी दोन्ही चाकं मोजायला लागले. नवरा म्हणाला, माझं ब्लडप्रेशर तू एवढ्या वेळा मोजलं नाहीस.

मग मी डावा टायर उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावला. दुखणं टायरचं असेल तर ते त्याच्याबरोबर उजवीकडे जायला हवं. ते गेलं नाही. डावीकडे आलेला चांगला टायर मान खाली घालून आतल्या कडेने झिजायला लागला. मला वाईट वाटण्याऐवजी चांगलाच आनंद झाला. आता निदान कळलं होतं की टायर बिचारे निर्दोष आहेत.

बेअरिंगचा संशय होता, म्हणून चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवून बघितलं. कटकट आवाज नाही, ढिलेपणा नाही. ॲक्सल तिरकी बसली असेल म्हणून हुकाला दोरी बांधली आणि ती आधी डाव्या चाकाच्या मध्यापर्यंत ताणली, मग उजव्या. मिठागरात कोंड्या, म्हणजे मिठाचे वाफे, आखताना आम्ही अशाच दोऱ्या ताणतो. चौकोनाची एक बाजू पुढे-मागे गेली की ती दोरीत लगेच दिसते. दोन्हीकडची दोरी बरोबर सारखी भरली. म्हणजे ॲक्सल तिरकी नव्हती.

मग माहेरहून मदत आली, न मागता. माझी वहिनी हमरापूरच्या एका कारखान्यात गणपती रंगवते. फोनवर मी तिला सगळं रडगाणं ऐकवलं, तर ती म्हणाली, "गो बाय, आमच्याकडं मूर्तीच्या पाटाला रंगाचा पट्टा देतात. ती सरकवली की कुठं टेकते ते पट्ट्यावरनं कळतं. तू टायरला पट्टा दे." तिने पितांबराचा पिवळा रंग एका डब्यात भरून येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवला. मी दोन्ही टायरवर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, चांगला बोटभर रुंद पट्टा ओढला. तो वाळू दिला आणि गल्लीच्या टोकापर्यंत ट्रॉली अगदी हळू ओढत नेली. शेजारणी ओट्यावर येऊन बघत होत्या. एकीने विचारलं, "चाकांची हळद हाय काय?"

खाली वाकून बघितलं. उजव्या टायरवरचा पट्टा सगळीकडून सारखा पुसट झाला होता. डाव्यावर बाहेरच्या बाजूला पितांबर जसाच्या तसा चमकत होता आणि आतल्या बाजूला रंगाचा मागमूस नव्हता. चाक सरळ उभं नव्हतं. वरून आत झुकलं होतं आणि सगळं ओझं एका कडेवर घेऊन चाललं होतं.

शेजारच्या गवंड्याचा ओळंबा आणून नवऱ्याने तो चाकाच्या वरच्या कडेला धरला. उजवीकडे दोरा वर आणि खाली टायरला सारखा भिडला. डावीकडे वर दोन बोटं मावतील एवढी फट राहिली. "डोळ्यांना कसं नाही दिसलं गं आपल्याला?" तो म्हणाला. मी म्हणाले, "होडीकडे बघत होतो ना."

गॅरेजवाल्याने ॲक्सल उतरवून जमिनीवर ठेवली तेव्हा तर लहान पोरालाही दिसलं असतं. डाव्या टोकाशी, पाट्याच्या पुढे, ती वाकली होती. त्या टोकाला गंजाचे पापुद्रे आले होते आणि त्यांच्यात पांढरं काहीतरी सुकलेलं होतं. तो म्हणाला, "नवीन जाड ॲक्सल टाकून देतो, ताई. पण एक सांगा. होडी तर तुमची ट्रॉलीच्या बरोबर मधोमध बसते. मग ही एकाच बाजूनं कशी वाकली? वजन कुठून आलं? ते सापडलं नाही तर हीसुद्धा वाकणार."

तो प्रश्न मी घरी घेऊन आले. नवी ॲक्सल लागली, नवे टायर लागले, ओळंबा दोन्हीकडे सरळ उतरला, सगळे म्हणाले झालं काम. मला मात्र झोपताना, भाकरी थापताना, नदीवर पाहुण्यांना बगळे दाखवताना तेच आठवायचं. खड्ड्यांवर ढकलावं म्हटलं तर आपल्या हायवेवर खड्डे डावीकडे जास्त आणि उजवीकडे कमी असा भेदभाव नाही. होडी मी स्वतः पट्टी लावून मोजली होती, एक सूतही इकडे-तिकडे नव्हती. आणि गणपती जवळ येत होते. नवी ॲक्सल वाटेत वाकली आणि टायर गेला, तर बाबांची होडी माझ्या हातून कायमची जाणार होती. रागाने नाही, चांगल्या रीतीने, मीच कबूल करून बसले होते म्हणून.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी सासरच्यांनी होडी भरायला घेतली. माहेरी जाणारी सूनही रिकाम्या हाताने जात नाही. तांदळाची पोती, वालाची पोती, वरून पडवळं. दीर एकेक पोतं खांद्यावर आणून होडीच्या डाव्या खणात सोडत होते. सामान ठेवायचा खण तेवढाच आहे, बाबांनी होडी बांधतानाच तो डावीकडे करून घेतला होता. जाळी, बर्फाची पेटी, नांगर, सगळं त्यात.

भरून झाल्यावर ताडपत्री बांधायला मी होडीत चढले आणि सवयीने जाऊन मागे उजवीकडे बसले. सुकाणूची जागा तिथे आहे. बाबा तिथेच बसायचे, मीही तिथेच बसते. नवरा खाली ट्रॉलीजवळ उभा होता. तो एकदम म्हणाला, "थांब. हलू नकोस."

"काय झालं? विंचू आहे का?"

"नाही गं. हे डावीकडचे पाटे. मघाशी पार दबले होते. तू बसलीस आणि ते जरा वर आले. उतर बघू."

मी उतरले. पाटे खाली बसले. मी पुन्हा चढून बसले. पाटे वर आले. आम्ही दोघं हे बराच वेळ करत राहिलो, आणि दीर ओसरीवरून आमच्याकडे काळजीने बघत राहिले.

तेव्हा मला सगळं दिसलं. बाबांचं अंग दांडगं होतं. ते उजवीकडे बसायचे म्हणून त्यांनी माशांचा, सामानाचा खण डावीकडे केला होता. पाण्यात हिशेब चोख होता. एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला ओझं, आणि होडी खाडीत पाटासारखी सरळ. आम्हीही पिढीजात सवयीने सामान त्याच खणात भरत आलो, फक्त आता होडी रस्त्यावर होती आणि उजवीकडे कोणीच बसलेलं नव्हतं. जाताना सासरचा तांदूळ, येताना माहेरचं मीठ, सगळा भार एकट्या डाव्या चाकावर. त्यातून माहेरचं मीठ ओलं. ते पाझरून खालच्या ॲक्सलवर ठिबकत राहायचं आणि वाकलेल्या ठिकाणी ते लोखंड खात बसायचं. गॅरेजमध्ये दिसलेलं ते पांढरं काय होतं ते आता कळलं.

मला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळ्यांना पाणी आलं. वर्षभर मी ज्याला शोधत होते ते दुखणं दोन घरांनी मला प्रेमाने बांधून दिलं होतं. आणि दादा म्हणत होता होडीला जायचं नाही! होडीला नाही जाऊ देत कोण, तर दादा स्वतः, पोत्यापोत्याने.

आम्ही पोती काढली. अर्धी डाव्या खणात, अर्धी उजवीकडे सुकाणूशेजारी, दोरीने घट्ट बांधून. ओळंबा धरला. दोन्ही चाकं सरळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. नागोठणं येईपर्यंत नवऱ्याने डॅशबोर्ड सोडला नाही. मी दर थोड्या वेळाने थांबून डाव्या टायरच्या आतल्या कडेवर हात फिरवायचे. कासूला त्याच ठिकाणी आल्यावर मी मुद्दाम गाडी कडेला घेतली, उतरले, चहा प्यायले आणि दोन्ही चाकांना एकेक लाथ मारली. नवरा म्हणाला, "हे कशाला?" मी म्हणाले, "गेल्या वर्षीची राहिली होती." डोलवीला शिफ्ट सुटली होती, कामगारांच्या बस रस्ताभर होत्या. एका ड्रायव्हरने होडी बघून हॉर्न दिला. मीही दिला, जरा लांबलचक.

आमच्या आळीत शिरताना मी हॉर्नवरचा हात काढलाच नाही. बायका बाहेर आल्या, पोरं मागे धावली, वहिनी रंगाच्या हातांनी तशीच दारात आली आणि ओरडली, "आली गो आली! आपल्या चाकांवर आली!" दादा बांधावर उभा होता. या वेळी पाठ करून नाही.

मी खाली उतरले. त्याला हाताने बोलावलं आणि चाकाजवळ बसवलं. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, ते आतल्या कडेला आणि बाहेरच्या कडेला सारखेच शाबूत होते. दादाने बोट फिरवलं. मग उजव्या चाकाकडे गेला, तिथे फिरवलं. परत डाव्याकडे आला.

"काय होतं मंग?" त्याने विचारलं.

"तुझं मीठ."

"मीठ टायर खातं व्हय?" तो भडकला. "काय पन बोलतीस!"

मग मी त्याला सगळ्या आळीसमोर दाखवलं. पोती परत डाव्या खणात ठेवायला लावली. पाटे दबले. त्याला होडीत चढवून उजवीकडे सुकाणूवर बसवलं. पाटे वर आले. बाबांसारखंच दांडगं अंग आहे त्याचं, मी बसल्यावर जेवढे आले होते त्याहून चांगले वर आले. तो खाली वाकून बघत होता, लोक बघत होते, आणि कोणीतरी म्हणालं, "हिचा बाप हितंच बसायचा की." दादा त्या जागेवर तसाच बसून राहिला. हात सुकाणूवर होता. मला वाटतं बाबा गेल्यापासून तो पहिल्यांदाच तिथे बसला होता.

विसर्जन झकास झालं. होडी मीच चालवली. प्रत्येक गणपती खाडीच्या मधोमध पोचवला, आणि प्रत्येक खेपेला काठावरून कोणीतरी ओरडायचं, "ताई, टायर बघा!" मी हात वर करून दाखवायचे.

परत निघायच्या दिवशी मी पिकअप लावून वाट बघत बसले. वहिनीने पोहे भरले, पापड भरले. दादा मिठागरातून पोती घेऊन आला, नेहमीपेक्षा जास्तच. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्याने हात वर केला. पहिलं पोतं डाव्या खणात ठेवलं. दुसरं खांद्यावर घेऊन तो होडीत चढला, पलीकडे गेला, आणि उजवीकडे सुकाणूजवळ ते हळूच उभं केलं. खाली जाड प्लास्टिक अंथरलेलं होतं, म्हणजे ठिबकायची सोयही त्याने बंद केली होती. मग दोरीने ते पोतं नीट बांधलं, दोनदा ओढून बघितलं आणि त्याच्यावर हात थोपटला.

"इतकी वर्सं बाबांची जागा रिकामी न्यायचो आपण," तो म्हणाला. "आता ने."

मी गाडी सुरू केली. आरशात बघितलं तर तो बांधावर तोंड इकडे करून उभा होता, आणि वळण येईपर्यंत हात हलवत होता.